पावसाचं गणित मिनिटात सुटतंय, पण पर्जन्यमापक कोण बघतंय?

पुण्यात शिमला ऑफिसचा चौक सगळ्यांना माहितीय. शिवाजीनगरची ती दगडी इमारत हवामान खात्याची, १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे हलवलं म्हणून लोक तिला शिमला ऑफिस म्हणायला लागले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं पण पुण्यातलं हवामानाचं काम काही थांबलं नाही, १९६२ ला सुरू झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) आता पाषाणला आहे, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या संगणकांपैकी एक तिथे फक्त हवामानासाठी चालतो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे, एआय म्हटलं की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींची होते, नोकऱ्या जाणार का आणि चॅटबॉट निबंध किती छान लिहितो. मी स्वतः डेटाच्या कामात आहे त्यामुळे ऑफिसात दिवसभर हेच कानावर पडतं. पण गेल्या तीन-चार वर्षांत ज्या क्षेत्राचा पायाच बदललाय असं मला मनापासून वाटतं ते म्हणजे हवामान अंदाज, आणि त्याच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. खरं तर त्याच्याशी सगळ्यात जवळचा संबंध आपल्याच लोकांचा आहे, कारण जून महिन्यात पेरावं की थांबावं हा प्रश्न ज्याला पडतो त्याचं अख्खं वर्ष त्या एका निर्णयावर असतं.

माझा मावसभाऊ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात शेती करतो, सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी असलं तर रब्बीत हरभरा. दादाचं गणित अगदी सरळ आहे. सोयाबीनची बियाण्याची बॅग, खत, ट्रॅक्टरचं भाडं, पेरणीची मजुरी हे सगळं एकदा जमिनीत गेलं आणि वर पाऊस लांबला की उगवण मार खाते, मग दुबार पेरणी. दुबार पेरणी म्हणजे परत सगळा खर्च, परत उधारी, आणि बियाणं मिळेल याची खात्री नाही. वर हंगाम पुढे सरकतो त्यामुळे उतारा कमी येतो ते वेगळंच. कृषी खात्याचे लोक दरवर्षी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय, जमिनीत चांगली ओल झाल्याशिवाय पेरू नका. दादाला हे पाठ आहे. पण शेजारच्याने पेरलं की हात शिवशिवतात, कारण पाऊस चालूच राहिला तर आपण मागे पडलो. म्हणजे त्याला खरी गरज असते ती "आज पाऊस पडेल का" याची नाही, "पुढचे तीन आठवडे पाऊस टिकेल का" याची. आणि नेमकं हेच सांगणं सगळ्यात अवघड.

का अवघड, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल, आणि मला ही गोष्ट इतकी आवडते की मी ती सांगणारच.

लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये ॲम्ब्युलन्स चालवायचा, आणि त्या धामधुमीत त्याने २० मे १९१० या एका दिवसाचं हवामान गणिताने काढून बघितलं, म्हणजे हवेचा दाब, वारा, तापमान यांची समीकरणं हाताने सोडवायची आणि पुढच्या सहा तासांत काय होईल ते काढायचं. गणित करायला त्याला सहा आठवडे लागले. उत्तर आलं की सहा तासांत दाब १४५ मिलिबारने बदलेल, जे अशक्य आहे, प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास होता तिथेच होता. तरीही त्याने १९२२ साली हे सगळं पुस्तकात जसंच्या तसं छापलं, आणि सोबत लिहिलं की ६४,००० माणसं एका मोठ्या गोल सभागृहात बसवून गणित करायला लावली तर हवामानाच्या बरोबरीने आपण पळू शकू. नंतर लोकांनी त्याचंच गणित परत तपासलं तर कळलं की पद्धत बरोबर होती, सुरुवातीला घेतलेल्या हवेच्या मोजमापातला खडबडीतपणा आधी नीट करून घ्यायला हवा होता, तो करून घेतला की उत्तर ठीक येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५० साली अमेरिकेत एनियाक संगणकावर पहिला खरा संगणकीय अंदाज निघाला, तेव्हा २४ तासांचा अंदाज काढायला साधारण २४ तासच लागले. तिथून पुढची सत्तर वर्षं सगळा खेळ मोठ्या मशीनचा. आपल्यालाही याची किंमत चांगलीच कळलीय. ऐंशीच्या दशकात भारताला मान्सूनच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता, बऱ्याच घासाघिशीनंतर हवा होता त्यापेक्षा लहान मॉडेल मिळालं, आणि त्याच काळात १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा देशी सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. आपल्या पिढीला परम म्हणजे शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ वाटते, पण मुळात त्या सगळ्या धडपडीच्या मागे पाऊस होता हे मला फार उशिरा कळलं.

आत्ताची स्थिती अशी की पाषाणच्या आयआयटीएममध्ये अर्का आणि नोएडाला अरुणिका, हे दोन्ही सुपरकॉम्प्युटर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. त्याच्या जोरावर मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, जी ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढते, आधी ती चौकट १२ किलोमीटरची होती. बाराचं सहा केलं म्हणजे काम दुप्पट झालं असं वाटतं, पण तसं नाही, चौकटी चौपट होतात आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात म्हणून एकूण काम साधारण आठपट होतं. म्हणूनच दर काही वर्षांनी नवीन मशीन लागतं आणि त्याला शेकडो कोटी लागतात.

आणि मग एआय आलं.

२०२२ पासून एकामागोमाग एक मॉडेल्स आली, एनव्हिडिया या चिप कंपनीचं, चीनच्या हुआवेचं पांगू, गुगलच्या डीपमाइंडचं ग्राफकास्ट. यांनी वेगळाच रस्ता धरला. वाऱ्याची, उष्णतेची समीकरणं सोडवत बसण्यापेक्षा मॉडेलला जुनं हवामान दाखवायचं आणि शिकू द्यायचं. ग्राफकास्टला १९७९ ते २०१७ अशी ३९ वर्षांची जगभरची नोंद दिली. ते आत्ताची स्थिती आणि सहा तासांपूर्वीची स्थिती घेतं, सहा तास पुढची काढतं, ती परत स्वतःलाच देतं आणि पुढचे सहा तास काढतं, असं करत करत दहा दिवस. पृथ्वीवरच्या दहा लाखांहून जास्त ठिकाणी, जमिनीलगत आणि वर हवेच्या ३७ थरांमध्ये. आणि हे सगळं एका चिपवर एका मिनिटाच्या आत. शिकवायला काही आठवडे लागले, पण एकदा शिकलं की झालं. बरं नुसतं जलद नाही, युरोपच्या हवामान केंद्राचं जे मॉडेल जगात सगळ्यात भारी मानलं जातं त्याच्याशी तुलना केली तर तपासलेल्या ९० टक्के बाबतीत ग्राफकास्ट सरस निघालं, सप्टेंबर २०२३ मध्ये ली नावाचं चक्रीवादळ कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाला धडकणार हे त्याने नऊ दिवस आधी सांगितलं होतं. युरोपच्या त्या केंद्राने स्वतः फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं.

आम्ही ऑफिसात जेवताना यावर बोलत होतो तेव्हा एक कलीग म्हणाला की मग आता ते शेकडो कोटींचं मशीन कशाला हवं, लॅपटॉपवर अंदाज काढा की. मला हे पटत नाही आणि का पटत नाही तेच मला खरं म्हणजे लिहायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे ती ३९ वर्षांची नोंद आली कुठून? ती काही आकाशातून पडली नाही. युरोपच्या त्याच केंद्राने जुनी सगळी मोजमापं, उपग्रह, बलून, जहाजं, जमिनीवरची केंद्रं, सगळं गोळा करून त्याच जुन्या समीकरणांच्या मॉडेलमधून परत चालवलं आणि तासातासाचं जगाचं हवामान तयार केलं. म्हणजे एआयने जो अभ्यास केला ते पुस्तकच मुळात फिजिक्सने आणि मोजणाऱ्या माणसांनी लिहिलंय. आणि आजही अंदाज सुरू करायला "आत्ता हवा कशी आहे" हे त्याला बाहेरूनच द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रात राहणाऱ्याला लगेच कळेल. ग्राफकास्टची चौकट साधारण २८ किलोमीटरची. आता महाबळेश्वर आणि वाई डोळ्यासमोर आणा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, घाट उतरून वाईला आलात की हजाराच्याही आत. मध्ये सरळ रेषेत अंतर किती, तर अशी एक चौकट दोन्ही गावांना पोटात घेईल. त्या चौकटीचा सरासरी पाऊस काढला तर तो ना महाबळेश्वरचा ना वाईचा. शिवाय ही मॉडेल्स सरासरी चूक कमी करायला शिकलेली असल्यामुळे फार जोराचा पाऊस ती थोडा पुसट करून दाखवतात, आणि आपल्याला नेमकी भीती त्याच पावसाची असते. यावर काम चाललंय, आपल्या संस्थाही करतायत, पण सध्या तरी सह्याद्रीचा पाऊस बघायला बारीक चौकटीचं मॉडेल आणि त्यासाठी मोठं मशीन दोन्ही लागतंच.

तरीही एआयने जे दिलंय ते छोटं नाही हं. मान्सूनमध्ये एकच अंदाज काढून भागत नाही, सुरुवातीच्या स्थितीत किंचित बदल करून पन्नास वेळा, शंभर वेळा अंदाज काढायचे आणि बघायचं की त्यातल्या किती अंदाजांत पाऊस टिकतो. जुन्या पद्धतीने हे करणं प्रचंड महाग, एआयने ते स्वस्त झालं. आणि इथून दादाच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा आवाक्यात आलंय.

२०२५ चा खरीप आठवा. मे महिन्यातच राज्यभर धो धो पाऊस, २४ मे ला मान्सून केरळात, आणि २६ मे ला मुंबईत, जिथे तो एरवी ११ जूनच्या आसपास येतो. सगळीकडे एकच वातावरण, मान्सून लवकर आला, लागा कामाला. मृग निघायच्या आधीच रानं ओली. आणि मग तो थांबला. पुढे सरकेचना, जवळपास तीन आठवडे अडकून बसला. ज्यांनी घाई केली त्यांच्या जिवाला घोर लागला.

त्या वर्षी केंद्राच्या कृषी मंत्रालयाने एक प्रयोग केला होता. गुगलचं न्यूरलजीसीएम हे हवामान मॉडेल, युरोपच्या केंद्राचं एआय मॉडेल आणि आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी, हे तिन्ही एकत्र करून स्थानिक पातळीवर मान्सून कधी सुरू होईल याचा अंदाज काढला, चार आठवडे आधीपर्यंतचा, आणि एमकिसान या सरकारच्या शेतकऱ्यांसाठीच्या मेसेज सेवेवरून एसएमएसने १३ राज्यांतल्या ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना पाठवला. पाच भाषांमध्ये, त्यात मराठी होती. आणि मध्येच पाऊस अडकणार हे या अंदाजाने पकडलं होतं. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये किसान कॉल सेंटरवरून फोन करून विचारलं तर ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं की आम्ही मशागत, पेरणीची वेळ असं काही ना काही बदललं. मी हा आकडा वाचला तेव्हा खरंच भरून आलं. एका साध्या मेसेजने तिसरा हिस्सा ते निम्मे लोक आपला निर्णय बदलतात म्हणजे लोकांना याची किती गरज होती बघा.

पण त्या तिघांतला तिसरा घटक परत वाचा. १२५ वर्षांच्या नोंदी. गुगलचं मॉडेल कुणीही डाउनलोड करेल, युरोपचं मॉडेलही खुलं आहे, पण सव्वाशे वर्षांत या देशात कुठे किती पाऊस पडला याचं रेकॉर्ड इथे रोज मोजल्याशिवाय कुणालाच मिळालं नसतं. आणि ते कसं तयार झालं? रोज सकाळी साडेआठला कुणीतरी पर्जन्यमापकापाशी गेलं, वरचं नरसाळं उचललं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतलं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा बघितला, रजिस्टरमध्ये लिहिला. पाऊस नसेल तर शून्य लिहिलं, कारण शून्य हीपण नोंदच असते. तालुक्याच्या कचेरीतला कारकून, धरणावरचा कर्मचारी, कृषी विद्यापीठातला सहायक, यांच्यापैकी कुणाचंही नाव कुठल्या शोधनिबंधावर येणार नाही. पण आज जे मॉडेल आपल्या फोनवर मराठीत मेसेज पाठवतंय त्याला मराठवाड्याचा जून कसा असतो हे शिकवलं ते या लोकांनी. रिचर्डसनचंही तेच होतं ना, गणित बरोबर आणि घोडं अडलं मोजमापावर.

आता राज्यात महसूल मंडळ पातळीवर महावेध या हवामान प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं आहेत, फार चांगली गोष्ट आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हे ठरतं मंडळातल्या नोंदीवर, म्हणजे नुकसानभरपाईचा पैसासुद्धा त्या एका यंत्राच्या आकड्याला बांधलेला. त्या यंत्राच्या आत एक छोटीशी दोन कप्प्यांची पट्टी असते, एक कप्पा भरला की ती कलंडते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो, प्रत्येक कलंडण्याची एक नोंद. साधं आणि सुंदर यंत्र आहे. पण नरसाळ्यात पाला अडकला, कोळ्याने जाळं केलं, नाहीतर शेजारी झाड वाढून वर फांदी आली की आकडा चुकला, आणि चुकतो तो कमी बाजूला. दिवाळीत दादाकडे गेले होते तेव्हा रस्त्यालगत असं एक केंद्र बघितलं, कुणाचं ते नाव घेत नाही, बाभळीच्या फांद्या पार कुंपणाच्या आत आलेल्या आणि नरसाळ्यावर पक्ष्यांची घाण. दादा म्हणाला, "अगं, आमच्या रानात पाणी साचलं होतं त्या दिवशी मंडळात चाळीस दाखवला." मला इतका राग आला. कारण तो चाळीस फक्त त्या दिवसाची भरपाई बुडवून थांबत नाही, तो नोंदीत जातो, आणि उद्याचं मॉडेल त्याच्यावरच शिकतं. पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल की या भागात त्या दिवशी अतिवृष्टी नव्हतीच.

अंदाज सुधारला म्हणून सगळं सुटलं असंही नाही, हे मला माहितीय. त्याच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात जो पूर आला, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरवडून गेल्या, तिथे जूनचा मेसेज काय करणार. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना फवारणी कधी करावी यासाठी अंदाज लागतो, साखर कारखान्याला तोडीचं नियोजन करायला लागतो, सोलरवाल्या वीज कंपन्यांना उद्या ढग किती ते हवं असतं, मच्छीमारांना वारा हवा असतो, आणि प्रत्येकाला वेगळ्या वेळेचा, वेगळ्या बारकाईचा हवा असतो. ही सगळी कामं आता पहिल्यांदा परवडणारी झालीयत कारण मॉडेल चालवण्याचा खर्च पडलाय. मला तर वाटतं आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांनी चॅटबॉटचे प्रोजेक्ट करण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याचा पाऊस घ्यावा, खुली मॉडेल्स घ्यावी, आणि कुठे चुकतायत ते काढावं. यात करण्यासारखं इतकं पडलंय.

आणि भाषेचंही काम आहे. "पाऊस सुरू होण्याची शक्यता ६० टक्के" असं मेसेजात आलं तर दादाने काय करायचं? त्याला म्हणायचं असतं की पेरू का नको. शक्यता लपवून हो-नाही सांगितलं तर एकदा चुकल्यावर विश्वास उडतो, आणि नुसता आकडा दिला तर तो वाचून फोन खिशात जातो. पुढचा पाऊस कधीपर्यंत टिकेल, हलक्या रानात थांबा, भारी रानात वाफसा असेल तर पेरा, असं गावातल्या कृषी सहायकाने त्या आकड्यावरून बोलून सांगितलं तर ते खरं पोचतं. एआयचा मेसेज आणि हा माणूस, दोघं एकत्र हवेत, आणि सरकारने पैसा घालताना अर्काइतकाच विचार या माणसाचा आणि त्या कलंडणाऱ्या पट्टीचा करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या घरी कुणी शेती करत असेल तर दोन कामं आत्ताच करून ठेवा. एमकिसानवर त्यांचा चालू असलेला मोबाईल नंबर आहे ना ते बघा, कारण बऱ्याच घरांत जुना बंद पडलेला नंबरच नोंदवलेला असतो आणि मेसेज येतच नाही. दुसरं म्हणजे आपल्या मंडळाचं हवामान केंद्र नेमकं कुठे आहे ते शोधून एकदा जाऊन या, फांदी आली असेल, जाळी तुटली असेल तर फोटो काढून ग्रामपंचायतीत आणि कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दादाने दिलाय, अजून कुणी आलं नाही, पुढच्या आठवड्यात तो तालुक्याला जाणार आहे तेव्हा परत विचारणार आहे.